गंभीर विषाणूजन्य आजारातून उठल्यावर: हृदय आणि फुप्फुसांचं बळ परत मिळवण्याचा क्रम

घरी आल्यानंतर नवव्या दिवशी मी वीस मिनिटं चालले. धाप लागली नाही, बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरने रक्तातला ऑक्सिजन ९६ टक्के दाखवला, घरातल्यांना आनंद झाला. दुसरा दिवसही बरा गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी उशीवरून मान उचलवेना. पुढचे पाच दिवस अंथरुणातच गेले आणि मला वाटलं, आजार उलटला. तो उलटला नव्हता. किती चालायचं हे मी त्या दिवशीच्या श्वासावरून ठरवलं होतं, आणि शरीर मात्र त्या चालण्याचा हिशेब दोन दिवसांनी मागत होतं. ही एक गोष्ट मला आधी कुणी सांगितली असती तर माझा महिनाभराचा त्रास वाचला असता.

फ्लू, कोविड किंवा अशाच एखाद्या विषाणूमुळे न्यूमोनिया झाला, ऑक्सिजन लावावा लागला, कदाचित अतिदक्षता विभागात राहावं लागलं आणि आता डिस्चार्ज मिळालाय, अशा प्रौढांसाठी हे लिहिते आहे. तुमचे डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट जे सांगतील ते यापेक्षा वरचं. मात्र त्यांच्यासमोर बसल्यावर काय विचारायचं, हे माहीत असलेलं बरं.

१. आधी हृदयाचा प्रश्न मिटवून घ्या

सगळ्यांचं लक्ष फुप्फुसांवर असतं. सीटी स्कॅन, ऑक्सिजन, खोकला यांच्या बोलण्यात हृदय मागे पडतं. पण विषाणूजन्य आजारात हृदयाच्या स्नायूलाही सूज येऊ शकते. तिला मायोकार्डायटिस म्हणतात. ही सूज असताना जोराचा व्यायाम केला तर ठोक्यांची लय धोकादायक रीतीने बिघडू शकते. म्हणून हे निदान झालेल्यांना साधारण तीन ते सहा महिने जोराच्या व्यायामापासून लांब ठेवतात आणि पुन्हा तपासण्या करूनच परवानगी देतात.

पहिल्या फेरतपासणीला जाताना हे प्रश्न कागदावर लिहून न्या:

- आजारात रक्तातलं ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढणारं प्रथिन) वाढलं होतं का? ईसीजीत किंवा इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) काही बदल दिसला होता का?
- पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली होती का? रक्त पातळ ठेवणारं औषध किती दिवस घ्यायचं?
- चालताना ऑक्सिजन किती खाली गेला तर थांबायचं?
- माझ्या औषधांत बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंद करणारं औषध) आहे का?
- स्टिरॉइड कोणत्या क्रमाने कमी करायचं?

शेवटचे दोन प्रश्न किरकोळ वाटतात, पण तसे ते नाहीत. बीटा ब्लॉकर चालू असेल तर नाडी औषधानेच दबलेली असते, त्यामुळे नाडीच्या आकड्यावरून श्रम मोजता येत नाहीत. आणि बरेच दिवस घेतलेलं स्टिरॉइड मनाने एकदम बंद केलं तर जिवावर बेतू शकतं.

ईसीजी चांगला आला तरी छातीत दुखणं, धडधड किंवा घेरी चालू असेल तर ते स्पष्ट सांगा. अशा वेळी इको, चोवीस तासांचा होल्टर (अंगावर लावून ठेवायचा ईसीजी), कधी हृदयाचा एमआरआय लागतो. ‘अशक्तपणामुळे होत असेल’ असं तुम्ही स्वतःच ठरवू नका.

२. जवळ काय हवं

कागदपत्रं: डिस्चार्ज कार्ड, सर्व ईसीजी आणि इकोचे अहवाल, छातीचा एक्स-रे किंवा सीटी, रक्ततपासण्या आणि सध्याच्या औषधांची यादी. एका फाइलमध्ये तारखेनुसार लावा. देखरेखीखाली असे व्यायाम करून घेणाऱ्या पुनर्वसन केंद्रात पहिल्या दिवशी हेच मागतात.

साधनं: ऑक्सिमीटर, रक्तदाब मोजायचं यंत्र, सेकंदकाटा असलेलं घड्याळ, हात नसलेली पण पक्की, भिंतीला टेकवून ठेवलेली खुर्ची, न घसरणारी पादत्राणं आणि एक वही. वही सगळ्यांत महत्त्वाची. तिच्यात रोज चार रकाने भरायचे: काय केलं, किती दम लागला, दुसऱ्या दिवशी कसं वाटलं, तिसऱ्या दिवशी कसं वाटलं.

ऑक्सिमीटरबद्दल थोडं. बोट गार असेल, नखाला रंग असेल किंवा हात हलत असेल तर आकडा चुकतो. हात ऊबदार करून, टेकवून, आकडा स्थिर होईपर्यंत मिनिटभर थांबा. त्वचा गडद असेल तर यंत्र खऱ्यापेक्षा थोडं जास्त दाखवू शकतं, म्हणून आकडा चांगला असूनही जीव घाबरा होत असेल तर जिवाचं ऐका. आणि नुसतं बसून घेतलेलं माप अपुरं आहे. चालल्यानंतर लगेच आणि पुढची दोन मिनिटं आकडा पाहा. बसल्यावर ९६ आणि खोलीभर चालल्यावर ८९ अशी माणसं असतात. श्रमाने तीन किंवा जास्त अंकांची घसरण दिसली तर ती डॉक्टरांना कळवायची.

३. दम फक्त फुप्फुसांमुळे लागत नाही

मला वाटायचं, फुप्फुस भरून आलं की दम थांबेल. पण कमरेखालचं बळ गेलेलं असतं, याकडे लक्षच जात नाही.

१९६६ साली डॅलसमध्ये पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं होतं. आजार काही नाही, फक्त पडून राहणं. तेवढ्यात त्यांची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता पाव हिश्शाहून जास्त घटली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं, तेव्हा तीस वर्षांच्या वयवाढीने केलेली घट त्या तीन आठवड्यांच्या घटीपेक्षा कमी निघाली. तुम्ही तर शिवाय ताप, सूज, कमी खाणं आणि कदाचित स्टिरॉइड यांतून गेला आहात. स्टिरॉइडमुळे मांड्या आणि खांद्यांचे स्नायू खास करून कमजोर होतात. बुटक्या आसनावरून उठताना हात टेकावे लागतात ते त्यामुळे.

दुसरा अभ्यास टोरांटोतला, २००३ सालचा. अतिदक्षता विभागातून वाचलेल्या, फुप्फुसं गंभीर निकामी झालेल्या रुग्णांना वर्षभर तपासत राहिले. सहा महिन्यांत त्यांच्या फुप्फुसांची आकारमानं आणि फुंकण्याच्या चाचणीचे आकडे बहुतेक पूर्ववत आले होते. तरीही वर्षाअखेर सहा मिनिटांत ते अपेक्षित अंतराच्या दोन तृतीयांशच चालत होते, आणि कारण म्हणून स्नायूंची झीज आणि अशक्तपणा पुढे आला.

कमजोर स्नायूला तेच काम करायला जास्त ऑक्सिजन लागतो, तो लवकर थकतो, आणि मग हृदय आणि श्वास दोन्ही धावू लागतात. म्हणून अहवाल चांगला आणि तरी जिन्यावर धाप, यात विसंगती नाही. तुम्ही नाटक करत नाही आहात. घरात कुणी तसं सुचवत असेल तर हा परिच्छेद त्यांना वाचून दाखवा.

४. सुरुवातीचं माप घ्या

कुठून निघालो हे माहीत नसेल तर पुढे गेलो की नाही हे कळत नाही. केंद्रात सहा मिनिटांची चालण्याची चाचणी घेतात: तीस मीटरच्या सरळ सपाट पट्ट्यावर, धावायचं नाही, हवं तेव्हा थांबायचं, शेवटी अंतर मोजायचं. पुढच्या खेपेला साधारण तीस मीटर वाढले तर ती खरी सुधारणा मानतात.

घरासाठी सोपी चाचणी म्हणजे एक मिनिट खुर्चीतून उठणं-बसणं, हात छातीवर ठेवून. किती वेळा जमलं ते लिहा, आधी आणि नंतर ऑक्सिमीटर लावा. पहिल्यांदा ती फिजिओथेरपिस्टसमोर करा. ऑक्सिजन अचानक घसरतो तो बऱ्याचदा याच चाचणीत दिसतो. घरी करताना एकट्याने करू नका.

५. श्वास हातात घ्या

ओठ आवळून श्वास: नाकाने दोन मोजेपर्यंत आत घ्या, शीळ घालताना होतात तसे ओठ करून चार मोजेपर्यंत हळू सोडा. जोर लावायचा नाही. जिना चढताना, वजन उचलताना, खुर्चीतून उठताना, म्हणजे ज्या क्षणी जोर लागतो त्या क्षणी श्वास सोडायचा. आपण नेमकं उलट करतो, श्वास रोखून धरतो.

दम लागल्यावर आडवं होऊ नका. खुर्चीत पुढे झुकून कोपरं मांड्यांवर टेका, किंवा भिंतीला पाठ लावून उभे राहा आणि खांदे सैल सोडा. हात टेकलेले असले की मानेचे आणि खांद्यांचे स्नायू श्वासाला मदत करू शकतात.

कफ असेल तर जोराने खोकत बसू नका. काही शांत श्वास, मग दोनतीन खोल श्वास, मग आरशावर वाफ धरतो तसा तोंड उघडं ठेवून ‘हाऽ’ करत श्वास बाहेर. त्याने कफ वर सरकतो आणि छातीही दमत नाही.

आता सापळे. श्वासाच्या व्यायामासाठी देतात ते तीन चेंडूंचं स्पायरोमीटर फुंकायचं नसतं, ओढायचं असतं. हळू आणि लांब. वॉर्डात माझ्या शेजारच्या बाई आठवडाभर त्यात फुंकत होत्या, कारण यंत्र हातात दिलं होतं, कृती दाखवलीच नव्हती. फुगे फुगवणं आणि श्वास रोखून धरण्याच्या शर्यती यांनी फुप्फुसं ‘मोकळी’ होतात असं सांगणारे भेटतील. नुकत्याच सुजलेल्या फुप्फुसांवर असा ताण टाकू नका. आणि घरी ऑक्सिजन दिला असेल तर ‘सवय लागेल’ म्हणून चालताना नळी काढू नका. चालतानाच तो जास्त लागतो. प्रवाह वाढवणं-घटवणं डॉक्टरांना विचारून, आणि जवळपास आग किंवा धूम्रपान अजिबात नाही.

६. श्रम मोजायला शिका

स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांनी श्रम अंकात सांगायची पट्टी बनवली. तिचा शून्य ते दहाचा प्रकार वापरायला सोपा. शून्य म्हणजे काहीच नाही, तीन म्हणजे मध्यम, पाच म्हणजे जड, दहा म्हणजे यापुढे शक्यच नाही. चालता चालता स्वतःला विचारा, आत्ता कितीवर आहे? बोलूनही तपासता येतं. पूर्ण वाक्य न अडखळता बोलता आलं तर श्रम ठीक. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर वेग जास्त झाला.

सुरुवातीला मी अंक नेहमी एकाने कमी सांगायचे. मला लवकर बरं व्हायचं होतं. फिजिओथेरपिस्टच्या ते लक्षात आलं, कारण माझे खांदे वर चढलेले दिसत होते. खरा अंक सांगा, त्यावर पुढचा आठवडा ठरतो.

७. टप्प्याटप्प्याने वाढवा

जागतिक आरोग्य संघटनेच्या कोविडोत्तर पुस्तिकेत पाच टप्पे दिले आहेत आणि प्रत्येकात किमान सात दिवस राहायला सांगितलं आहे. मला हाच क्रम कामी आला.

पहिला टप्पा तयारीचा: श्वासाचे व्यायाम, बसल्या जागी ताणणं, खोलीतल्या खोलीत पावलं. श्रम शून्य ते एक.

दुसरा हलका: सपाटीवर चालणं, हलकं घरकाम, श्रम दोन ते तीन. पाच मिनिटं जमत नसतील तर दोन मिनिटं चाला, दोन मिनिटं बसा, असं तीनदा. हे तुकडे पाडणं कमीपणाचं नाही, पुनर्वसन केंद्रातही असंच सुरू करतात.

तिसरा मध्यम: थोडं जलद चालणं, जिना, बळाचे व्यायाम. श्रम चार ते पाच.

चौथ्यात तोल आणि समन्वय लागणारे व्यायाम येतात, पाचव्यात आजाराआधीची कामं.

बळाचे व्यायाम आठवड्यातून दोन-तीनदा, मध्ये एक दिवस सोडून: खुर्चीतून उठणं-बसणं, आधार धरून टाचा वर उचलणं, भिंतीला हात टेकवून ढकलणं. प्रत्येकी आठ ते बाराच्या आसपास, जमतील तेवढे. टोरांटोचे रुग्ण आठवा, चालणं अडतं ते बऱ्याचदा मांडीपाशी. म्हणून हा भाग ‘वेळ मिळाला तर’ असा ठेवू नका. स्नायू बांधायला प्रथिनं लागतात. वजन बरंच घटलं असेल तर आहारतज्ज्ञांना भेटा, आणि मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनं वाढवण्याआधी नक्की विचारा.

एका वेळी एकच गोष्ट वाढवा. वेळ वाढवली तर वेग तोच ठेवा. दोन्ही वाढवून बिघडलं तर कशामुळे बिघडलं ते कळत नाही.

केंद्रातला कार्यक्रम साधारण सहा ते बारा आठवड्यांचा, आठवड्यातून दोन-तीन सत्रांचा असतो. जाणं शक्य असेल तर जरूर जा. व्यायामाच्या वेळी कुणीतरी ऑक्सिजन आणि रक्तदाब पाहत असतं आणि भीती कमी होते. दूर राहत असाल तर व्हिडिओवरून सत्रं मिळतात का, ते विचारा.

८. दुसरा आणि तिसरा दिवस पाहा

माझ्या वीस मिनिटांकडे परत येते. काही जणांत श्रमानंतर काही तासांनी, बऱ्याचदा एक-दोन दिवसांनी, सगळी लक्षणं उसळून येतात: अंग गळून जाणं, डोकं जड, झोप न लागणं, घसा दुखणं, शब्द न आठवणं. नुसत्या दमलेल्या स्नायूंची ही थकावट नाही, ती रात्रभराच्या झोपेने जात नाही. श्रम शारीरिकच असावे लागतात असंही नाही. लांबलचक फोन किंवा हिशेबाचं काम पुरतं.

वहीतले शेवटचे दोन रकाने यासाठीच आहेत. तिसऱ्या दिवशीचा रकाना चांगला असेल तरच पुढे जा. एकदा बिघडलं तर एक टप्पा मागे. हा नमुना पुन्हा पुन्हा दिसला तर ठरावीक दराने व्यायाम वाढवत नेण्याचा मार्ग तुमच्यासाठी नाही. ब्रिटनमध्ये उपचारांच्या मार्गदर्शक सूचना ठरवणाऱ्या नाइस संस्थेने २०२१ मध्ये दीर्घ थकव्याच्या आजारासाठी अशा चढत्या व्यायामाची शिफारस काढून टाकली, ती याच प्रकारच्या त्रासामुळे. तेव्हा शक्तीच्या मर्यादेत राहणं हाच उपचार. कामाचे तुकडे करा, थकायच्या आधी विश्रांती घ्या, आणि बरं वाटलेल्या दिवशी साठलेली सगळी कामं उरकू नका. ‘जोर लावल्याशिवाय बळ येत नाही’ हे प्रेमाने सांगितलं जातं, पण अशा शरीराला ते मागे ढकलतं.

ज्यांच्यात हा नमुना नाही, त्यांनी मात्र भीतीपोटी अंथरुणातच राहू नये. डॅलसच्या तरुणांचं काय झालं ते वर आलंच आहे.

९. उभं राहिल्यावर धडधड

आडवं पडून असताना नाडी ८० आणि उभं राहिल्यावर दहा मिनिटांच्या आत ११० किंवा जास्त, सोबत घेरी, पण रक्तदाब घसरत नाही, असं वारंवार झालं तर वहीत आकडे लिहून डॉक्टरांना दाखवा. प्रौढांत तीस किंवा जास्त ठोक्यांची अशी टिकून राहणारी वाढ पॉट्स नावाच्या विकाराकडे बोट दाखवते. त्यात व्यायाम बसून किंवा पडून सुरू करतात. पाणी-मीठ वाढवायला आणि दाब देणारे मोजे वापरायला सांगतात, पण रक्तदाब किंवा हृदयाचा आजार असणाऱ्यांनी मीठ मनाने वाढवू नये. नुसती भीती किंवा चिंता म्हणून हा त्रास पुष्कळदा बाजूला टाकला जातो, तेव्हा आकडे हाताशी असू द्या.

१०. ताबडतोब थांबा आणि मदत मागा

- छातीत दाब किंवा दुखणं, शुद्ध हरपणं, ठोके एकदम अनियमित होणं
- अचानक वाढलेली धाप, श्वास घेताना टोचल्यासारखं दुखणं, खोकल्यातून रक्त
- एकाच पायाची पोटरी सुजणं, लाल आणि गरम होणं
- ऑक्सिजन ९० च्या खाली जाऊन विश्रांतीनेही वर न येणं (जुना फुप्फुसांचा आजार असलेल्यांची मर्यादा वेगळी असते, ती आधीच विचारून ठेवा)
- ओठ निळसर पडणं, गोंधळल्यासारखं होणं

यांपैकी काहीही झालं तर सकाळची वाट पाहू नका.

११. झोप, आवाज, स्मरण

अतिदक्षता विभागातून आलेल्यांना भयाण स्वप्नं, खोट्या वाटाव्यात अशा आठवणी, विसरभोळेपणा आणि रडू येणं हे सगळं होऊ शकतं. श्वासनळीत नळी होती त्यांचा आवाज बसतो, गिळताना ठसका लागतो. ठसका लागत असेल तर स्पीच थेरपिस्टकडे जा, अन्नाचा कण फुप्फुसात गेला तर पुन्हा न्यूमोनिया होऊ शकतो. स्वप्नांबद्दल मी दोन महिने कुणाशी बोलले नाही. बोलल्यावर समुपदेशकांनी सांगितलं की हे ओळखीचं आहे आणि त्यावर उपचार आहेत. तुम्ही दोन महिने थांबू नका.

१२. बारा आठवड्यांनंतर

या सुमारास छातीचा एक्स-रे पुन्हा काढतात. दम टिकून असेल तर फुप्फुसातून रक्तात वायू किती चांगला जातो ती डीएलसीओ चाचणी मागा, कारण नुसत्या फुंकण्याच्या चाचणीत हा दोष दिसत नाही. सहा मिनिटांचं चालणं आणि खुर्चीची चाचणी पुन्हा करून पहिल्या पानावरच्या आकड्यांशेजारी लिहा.

कामावर परतताना आधी कमी तास, मग कमी दिवस, मग पूर्ण वेळ, असं लेखी ठरवून घ्या. प्रवास हाही श्रमच, तो वहीत धरा. आणि मधे साधा सर्दी-ताप आला तरी ताप उतरून सगळी लक्षणं जाईपर्यंत व्यायाम थांबवा, मग एक टप्पा मागून सुरू करा आणि वहीत पुन्हा तिसऱ्या दिवसाचा रकाना भरायला घ्या.